नाडी

तुझा माणूस पुन्हा गळतोय, एतेल्विना.
रात्री पाऊस झाला, सकाळी पायऱ्यांवर
नारिंगी ओघळ, थेट चर्चच्या फाटकापर्यंत.
नगरपालिकेचं पत्र मला येतं, तुला नाही.
मी व्हिनेगर ओतते, घासते,
तो आपला वाकलेलाच.

डोंगराआड, ओव्हिएदोत, म्हणे त्याला खपली धरलीय,
तपकिरी, घट्ट, बोट फिरवलं तरी काही लागत नाही.
हे पोलाद असंच असतं, म्हणाली होतीस,
एकदा नीट गंजलं की गंजच त्याला राखतो.
पण इथे आविलेसला खाडीवरून मीठ येतं
आणि खपली सारखी निघते.

एकोणीस केलेस तू असे.
एकोणीस वेळा तोच गुडघा, तीच पाठ,
चेहरा छातीत खुपसलेला
(चेहरे तुला जमत नाहीत, हे पेपरवाल्यांना सांगत नाहीस).
सोबत कधी ती बाई, दोन्ही हात डोक्यावर,
हातांत काही नाही;
मासळीची पाटी तू कापलीच नाहीस.
आणि तीन पायांचा कुत्रा.

बाकावरचे म्हातारे भांडतात :
हा आमचा अमादोर.
छे, हा लाडिस्लाओ, कोकभट्टीवरचा, पाठ बघ ना.

मी पाच वर्षं गप्प होते.
परवा शेवटी गाठलंच तुला,
वेल्डिंगचा मुखवटा कपाळावर तसाच.
बाई गं, म्हटलं, माझा सेल्सो तीस वर्षं भट्टीवर होता.
त्यांच्या बुटांना नाड्या नसायच्या.
वितळल्या लोखंडाचा थेंब आत गेला
तर बूट एका झटक्यात भिरकावता यायला हवा.
नाडी बांधणारा भट्टीवाला तू पाहिलास कुठे?

तू एक हातमोजा काढलास.
"तो सुटलाय, रेमेदियोस.
शिफ्ट संपली. घरचे बूट घालतोय."

एवढंच. आणि ग्राइंडर सुरू केलास.

तेव्हापासून घासताना हात अडखळतो.
एकोणीस माणसं, एकोणीस चौकांत,
आणि कामावर एकही नाही.
सेल्सोही असाच वाकायचा फाटकाशी,
मी रस्त्यापलीकडे, गारठलेली, चिडलेली :
एका गाठीला किती वेळ लावतोस!

आज डाग अर्धाच काढला.
पत्र येईल. येऊ दे.

त्या कुत्र्याच्या चौथ्या पायाचं मात्र
तू अजून काही बोलली नाहीस.