जुव्याचा हिशेब

सभा उंडीखाली भरली, ऐन उधाणात,
म्हणजे भरती उतरेपर्यंत कोणी तरीत बसून पळणार नाही.
ठराव एकच: जुवं वेगळं.
स्वतःची ग्रामपंचायत, स्वतःचा शिक्का,
साखरकोंडशी संबंध मधल्या पाण्यापुरता.

"बत्तीस वर्षं घरपट्टी भरतोय," अनंत नागवेकर म्हणाला,
"आणि दिवा किती? एक. तोपण त्यांच्या धक्क्याकडे तोंड करून."
टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या, दोनदा.
मग सगळे माझ्याकडे वळले.
मच्छीमार सोसायटीच्या वह्या मी अठरा वर्षं लिहिल्या.
"द्वारकावैनी, मांडा. जगू का नाय, ता कागदावर दिसू दे."

मांडलं.
जमा: एकशे नऊ घरं. नारळ. सुकी मासळी.
कालवं,
जी आमच्या बायका कमरेएवढ्या चिखलात उभ्या राहून फोडतात,
ज्यांना आजवर कोणी उत्पन्न म्हटलं नाही. मी म्हटलं.
मुंबईहून येणारे पैसे वेगळ्या ओळीत, पेन्सिलीनं.

खर्च: वीज. मंगळवारची नर्सबाई.
पाणी. पाइप खाडीच्या तळातून येतो,
नाळेसारखा, असं लिहिणार होते,
हिशेबात नाळ चालत नाही, खोडलं.
सरण. जुव्यावर लाकूड उरलेलं नाही,
आमची मेलेली माणसंसुद्धा पलीकडून ओंडके मागवतात.
इथे दोघातिघांना खोकला आला.

"जगात केवढेसे देश आहेत वैनी," अनंत म्हणाला,
"आपल्या तालुक्याएवढे. जगतातच ना?"
देश.
माझ्या आजोळी देश म्हणजे घाटावरचा मुलूख,
जिथून कांदा आणि गूळ खाली उतरायचा.
बाकी आम्ही कोकण. म्हणजे देशापासून
आम्ही केव्हाचेच वेगळे,
आणि कांदा रोज लागतो.

तूट आली. मोठी नाही, पण दरवर्षीची.
तेव्हा मागून कोणीतरी बांध काढला.
आमचा पश्चिमेचा बांध भरतीची धार मोडतो.
तो ढासळला तर धार सरळ साखरकोंडच्या खाजणात,
भाताला खार, तीन वर्षं तरी पीक नाही.
दर शिमग्यानंतर चिखल आम्ही लावतो,
आमच्या हातांनी, फुकट.
अनंतचा चेहरा असा उजळला, जसा तो दिवा कधी उजळला नाही.
"मग लिवा! बांधाचं भाडं!"

लिहिलं. बेरीज फिरली.
पहिल्यांदाच जमेची बाजू जड झाली,
माणसं उठून एकमेकांच्या पाठी थोपटू लागली,
कोणीतरी शिक्क्यावर काय असावं तेही सुचवलं: माड की मासा.

काशी डोर्लेकर बसूनच होती.
म्हणाली, "आणि नाय दिलं भाडं तर?
बांध फोडशाल?"
कोणी बोललं नाही.
"माजी लेक त्याच खाजणात लावनी करते,
म्हनून इचारलं."

मतं पडली. एकेचाळीस, अडतीस. वेगळं.
कागद पलीकडे न्यायला हसन सोलकर तरीवाला.
त्याला वर्षाला दर घरामागे भात मिळतं, दोन्ही काठांकडून,
बापाला मिळायचं तसंच.
त्यानं कागद टोपीत ठेवला, वल्हं उचललं,
"आता मी कुठला ओ?" म्हणाला,
आणि उत्तराला न थांबता तर ढकलली.

वहीतली बेरीज बरोबर आहे, मी तीनदा तपासली.
भाड्याची ओळ मात्र
आता पेन्सिलीनं लिहून काढली आहे,
मुंबईच्या पैशांखाली.

चार वाजता नळाला पाणी आलं,
रोजच्यासारखं, वीस मिनिटं.
मी हंडे भरले, कळशी भरली,
मग ताट-वाट्याही मांडल्या पाण्याखाली,
आणि चहाचं ते छोटं पातेलं,
ज्याला कडेला चीर आहे.