शनिवारचा रकाना

लॉजच्या वहीत एक रकाना असतो, येण्याचं कारण.
गुरुवारी मी लिहिलं होतं, काम.
आज सकाळी ईरण्णानं वही पुन्हा पुढे सरकवली,
"कंपनीचं बिल कालपर्यंत. आजचं तुमचं.
कारण परत लिवा."
पेन हातात, खाली खडेबाजारात कुणीतरी शटर वर ढकलतंय.
"काय लिहू?"
"लिवून सोडा की कायबी."

दोन दिवस उद्यमबागेत,
बेळगुंदकरांच्या हायड्रॉलिकच्या शेडमध्ये
चौसष्ट प्रेशर गेज तपासले.
काटा थरथरत जिथे थांबतो
तिथे माझी सही.
तेलाचा वास अजून नखांत आहे,
त्याचा भत्ता मिळत नाही.

ऑफिसात सांगितलंय, शनिवार माझा.
घरी सांगितलंय, काम शनिवारपर्यंत.
खोटं एवढंसंच, पोस्टाच्या तिकिटाएवढं,
त्याला चिकटून अख्खा दिवस आला.

टिळकवाडीत दुसऱ्या गेटला फाटक पडलेलं.
स्कूटरवाले इंजिन बंद करून चरफडत होते,
मी अगदी पुढे जाऊन उभी राहिले
आणि मालगाडीचे डबे मोजले.
बेचाळीस. किंवा त्रेचाळीस.
कुणी विचारलं नाही, चूक किती धरायची.

येळ्ळूरच्या बसमध्ये सगळ्या बायकांच्या हातात
शून्य रुपयांची तिकिटं.
कंडक्टरनं माझं आधार उलटंसुलटं पाहिलं,
पुण्याचा पत्ता वाचला
आणि मुकाट्यानं पैशाचं तिकीट फाडलं.
बरं वाटलं. कुठल्याच तक्त्यात न जाणारा
हा माझा पहिला खर्च.
भात कापलेल्या शेतांत आता मसूर,
घोट्याएवढा, निळसर फुलांचा,
खिडकीतून बघायला कुणाची मंजुरी लागत नव्हती.

राजहंसगडावर दरवाजापाशी यल्लूबाई बसते,
काकड्या, ताक, तिखटमिठाची पुडी.
"मी रोज चढतो," म्हणाली,
"उतरताना गुडघं बोलत्यात.
तू काय बघाय आलास? एकटाच?"
तिच्या क्रियापदांना पदर नव्हता.
चढतो, बसतो, विकतो, जातो.
मी मनातल्या मनात एक घालून पाहिलं,
खांद्यात जरा सैल झालं.

पाणी काढायला पिशवी उघडली
तर तळाशी एक गेज, द्यायचं राहून गेलेलं.
"घड्याळ काय हे?"
"दाब मोजायचं."
"मग किती हाय इथं?"
शून्य.
मी समजावू लागले,
की वर अख्खं आभाळ बसलेलं असतं,
हवेचं वजन, तुझ्यावर, माझ्यावर, या दगडांवर,
पण सगळ्यांवरच असतं म्हणून
हे यंत्र तेवढं सोडून मोजतं.
तिनं काकडी चार फाकांत उभी चिरली.
"म्हणजे खोटंच दावतंय की बे."
तिखट जरा जास्त झालं होतं.
वारा इतका, की पदर की ओढणी की कागद,
सगळं खानापूरच्या दिशेला.
मी दीड तास काहीही केलं नाही,
मध्ये फोन दोनदा वाजला असावा.

संध्याकाळी अर्धा किलो कुंदा घेतला.
पाव ऑफिसला, पाव घरी,
दुकानदार म्हणाला एकच डबा स्वस्त पडंल,
मी दोन घेतले.
लॉजवर खर्चाचा तक्ता उघडला:
रिक्षा, जेवण, चहा (बेळगुंदकरांनीच पाजला, खोडला).
शनिवारची ओळ रिकामी,
मग रविवारचं परतीचं भाडं, कंपनीचं.
ईरण्णाच्या वहीतला रकानाही तसाच राहिलाय,
त्यानं आठवण केली नाही.

रात्री नवऱ्याचा फोन.
"संपलं का काम?"
"संपलं की."
"दमलीस?"
चुन्याचे पोपडे आलेली भिंत, तपकिरी ब्लँकेट,
काल कंपनीचं होतं, आज माझं,
मी पाय ताणले.
"उद्या येतो मी," म्हणाले,
आणि तो हसला, जीभ घसरली समजून.