आवक-जावक

तीस वर्षं मी कागदांवर तारखा मारतोय,
ऑस्लोत, मंत्रालयाच्या तळमजल्यावर,
जिथल्या खिडकीतून फक्त बूट दिसतात.
माणसं मी बुटांवरून ओळखतो.

ओशिल्ड नेसविकबाई इथे उपसचिव होत्या
तेव्हा टाचा एका बाजूने झिजलेल्या.
मग पश्चिम किनाऱ्यावर गेल्या, सॅमनच्या कंपनीत,
फ्योर्डमधल्या गोल गोल पिंजऱ्यांच्या प्रमुख होऊन.

सप्टेंबरात त्यांचं पत्र आलं. जाड, गुळगुळीत कागद.
माशांच्या अंगावरच्या उवांची मर्यादा
सरकारने जरा सैल करावी.
उन्हाळ्यात दगावलेले मासे: सुमारे चाळीस हजार.
मी शिक्का मारला. आवक. क्रमांक दिला.

ऑक्टोबरात सरकार बदललं
आणि बाई मंत्री झाल्या.

कागदाला हे कोण सांगणार?
तो टेबलामागून टेबल चढत गेला
आणि नोव्हेंबरात, तीनलाच अंधारलेल्या एका दुपारी,
आपल्याच सहीसमोर जाऊन बसला.
आपलेच दात, आपलेच ओठ.

विधी विभाग म्हणाला, मंत्र्यांनी यात हात घालू नये,
निर्णय शेतीमंत्री घेतील.
शेतीमंत्री मेंढ्यांतला माणूस,
मासा पाहिला असेल तो बशीतला.
त्याने सव्वा पानाचा नकार लिहिला.

फाइल खाली आली तेव्हा
‘सुमारे चाळीस हजार’वर पेन्सिलीची रेघ,
शेजारी बारीक अक्षरात: ६१,३८२.

नोंदलेल्या कागदावर खाडाखोड चालत नाही.
कित्येक वर्षांनी मी लिफ्टने वर गेलो.
बाईंनी बूट काढून ठेवले होते,
लोकरी मोज्याची टाच रफू केलेली.

हे तुम्ही लिहिलंत?
हो.
हा आकडा तुम्हाला कधीपासून माहीत होता?
त्यांनी काचेकडे पाहिलं. बाहेर काहीच नव्हतं,
काचेत त्याच होत्या.
“मोजणारा मुलगा माझ्या गावचा,” म्हणाल्या,
“रोज संध्याकाळी फोन करायचा.”
खोडू का?
नको. नोंदवा.

मी नोंदवलं.
पाठवणार: मंत्री. घेणार: मंत्री. विषय: मासे.
लेखापरीक्षक अजून त्या ओळीवर बोट ठेवून
माझ्याकडे बघतात.

भाषणं लिहिणाऱ्या पोरांना मोह व्हायचा:
सॅमन नदीत जन्मतो, समुद्रात वाढतो,
शेवटी मूळ पाण्यात परततो, बाईंसारखाच.
बाई तो परिच्छेद दर वेळी काढून टाकायच्या.
समासात एकदा लिहिलं होतं,
पिंजऱ्यातला मासा कुठे परततो?

चार वर्षांनी सरकार गेलं.
मंत्र्याने लगेच कंपनीत जायचं नाही,
सहा महिने थांबायचं;
त्याला क्वारंटाइन म्हणतात,
परदेशातून आणलेल्या कुत्र्याला म्हणतात तसंच.
बाईंनी त्या काळात म्हणे होडीला रंग दिला.
सातव्या महिन्याच्या पहिल्या सोमवारी
परत पिंजऱ्यांवर हजर.

कँटीनमध्ये लोक म्हणाले, ये रे माझ्या मागल्या.
मी ब्रेडवर चीज ठेवत राहिलो.
तळमजल्यावरच्याने काय बोलायचं.

आणि काल पत्र आलं.
तोच कागद, सही तीच,
मागणी शब्दन् शब्द तीच, मर्यादा सैल करावी.
फक्त मेलेल्यांचा आकडा
या वेळी शाईत,
एककापर्यंत,
‘सुमारे’ कुठेच नाही.

दोनदा वाचला मी.
मग शिक्का उचलला.
पॅड सुकत आलं होतं,
जोर लावून दाबावा लागला.