शेपटीकडून

आधी बरणी घासून घे, नेलिओ. ऑलिव्हची आहे,
तेलाचा ओघळ राहिला तर तुकडा धरत नाही.
सँडपेपर तिकडे, पावाच्या डब्यावर.
अंग जरा खरखरीत व्हायला हवं,
गुळगुळीतपणाला काही चिकटत नाही.

बशी टॉवेलात गुंडाळ. मग हातोडी.
जोरात नको. दार वाजवतोस तशी,
आत कुणी आजारी असताना.
ऐकलंस? हा आवाज आला की थांबायचं.
पुढचं काम चिमट्याचं. आणि चष्मा लाव,
तुझ्या आईला उत्तर मला द्यावं लागतं.

सुरुवात बुडापासून. नेहमी बुडापासून.
दोन तुकड्यांत तांदळाच्या दाण्याएवढी फट.
माझ्या बोटांकडे काय बघतोस,
ही कारखान्यात शिकली.
बंदरात होड्या लागल्या की भोंगा व्हायचा,
रात्रीचे दोन वाजलेले असोत
नाहीतर कुणाच्या लग्नाची पंगत बसलेली.
प्रत्येक कारखान्याचा सूर वेगळा,
झोपेतसुद्धा आपला कुठला ते कळायचं.
मग धावायचं, एप्रनची गाठ वाटेतच.
डब्यात सार्डिन बसवायची, पाठीला पोट,
एकीची शेपूट दुसरीच्या गळ्याशी,
तसूभर जागा वाया नाही.
आत्ताही तेच करतेय. वास तेवढा येत नाही.

हा निळा?
हा आईच्या मोठ्या थाळीतला.
या टोकापासून त्या टोकापर्यंत एकच मासा काढलेला होता,
ओबडधोबड, कल्ला जरा चुकलेला.
आई गेली त्या आठवड्यात मी आणि ओंदीना
दोन बाजूंनी ती धरून इथेच उभ्या होतो,
तू बसलायस तिथे.
आधी कुणी सोडली ते अजून ठरायचंय.
खापर फोडायला दोनच डोकी होती,
दोन्ही वापरून झाली.
मग तिने डोक्याकडचा अर्धा उचलला,
मी शेपटीकडचा.
नदीपलीकडे राहते ती. फेरीला वीस मिनिटं लागतात.
एकोणीस वर्षं झाली.

परवा तिचा जावई पिशवी देऊन गेला.
चहा घे म्हटलं, तर गाडी उभी आहे म्हणाला.
चिठ्ठी नाही. जुन्या वर्तमानपत्रात डोकं,
तुकडे तुकडे झालेलं.
मी तुकडे नंतर पाहिले, आधी तारीख वाचली.
तेच वर्ष. तोच उन्हाळा.
म्हणजे इकडे मी शेपटीवरची धूळ
दर शनिवारी पुसत होते,
तेव्हा तिकडे हे केव्हाच फुटून
कपाटात वर ठेवलेलं.
हातातून पडलं की पाडलं,
पिशवी काही सांगत नाही.

मग काल मीही हातोडी घेतली.
तू शाळेत होतास.
दार वाजवतात तशी नाही मारली, खरं सांगते.

आता जुळव. नाही, कल्ला वर. हां.
बघ, तिचे तुकडे मोठे, माझे बारीक,
मासा मानेपासून घाबरल्यासारखा दिसतो.
असू दे. बरणी गोल आहे,
शेपूट फिरून तोंडाशी येणारच.

डोळा सापडत नाही. मीही तीनदा मोजले.
ठेवून घेतला असेल, नाहीतर केरात गेला असेल,
दोन्ही तिच्या स्वभावात बसतं.
चाळीस वर्षं मी माशांची डोकी उडवून बादलीत टाकली,
पाळीला किती बादल्या, त्याचा हिशोब होता.
एकाही डोळ्याकडे पाहिल्याचं आठवत नाही.
आणि आता टेबलाखाली रांगतेय, या गुडघ्यांनी.

राहू दे. बटण नको. मणी पण नको.

उद्या फटी भरू. पांढरं सिमेंट, दह्याइतकं घट्ट.
स्पंज ओला, पण पिळलेला, आणि तिरका फिरवायचा.
सरळ फिरवलास तर फटीत बसलेलं
सगळं उकरून वर येतं.
वर जी धूळ धरेल ती कोरड्या फडक्याने, नंतर, सावकाश.
आणि मी डोक्यापाशी आले की
तू या रिकाम्या जागेवर बोट ठेव.
अंगठा नको, तो मोठा आहे. करंगळी.
दाबून धर,
मी भोवतीनं भरते.