नेहमीसारखंच

चौकशीच्या कागदावर सहावा रकाना आहे :
इंजेक्शन कोणी दिलं.
तिथे सायकाल फेल्डशरचं नाव लिहायचं
आणि खाली मी सही करायची.
रकाना बोटभर रुंद. तिचं नाव मावतं त्यात.

नारिनपासून तिच्या दवाखान्यापर्यंत
नव्वद किलोमीटर, एक घाट,
आणि डिसेंबर ते मार्च काहीच नाही.
एक खोली, एक शेगडी, एक तराजू,
त्यावर बाळं मोजतात, कधीमधी लोकरही.
बाराशे माणसं. त्यांची डॉक्टर मी,
म्हणजे कागदावर.

ऑक्टोबरात ड्रायव्हरच्या हाती नव्या बाटल्या धाडल्या.
जुन्या इन्सुलिनमध्ये मिलिलीटरला चाळीस युनिट, यांत शंभर.
सिरिंज तिच्याकडे जुन्याच, चाळीसच्या रेघांच्या.
हे मला ठाऊक होतं.
खोक्यात तिच्या लेकीसाठी जर्दाळूच्या मुरंब्याची बरणी ठेवली,
चिठ्ठी ठेवली नाही.

फोन आला तेव्हा मी जेवत होते.
"एजे, झाकणाचा रंग वेगळाय.
आयिमकानआजींना किती देऊ?"

तिने विचारलं होतं.
हे कुठल्या रकान्यात लिहायचं?

घास एका गालात सारून मी म्हणाले,
"नेहमीसारखंच."

नेहमीसारख्याच वीस रेघा.
वीस रेघांत पन्नास युनिट.
पहाटे सुनेला आजी दिसल्या,
घामाने गोधडी भिजलेली, डोळे अर्धे उघडे.
सायकाल घोड्यावरून गेली, स्वेटर उलटा घातलेला,
हात थरथरत असूनही
पहिल्याच टोचणीला शीर मिळाली तिला.

शीर शोधणं मीच शिकवलं होतं, सात वर्षांपूर्वी,
तीनदा करून दाखवलं.
माझे हात तिने पाहिले.
तिचे मी कधी पाहिले नाहीत.
घाई होती, गाडी खाली थांबली होती.

आजी वाचल्या.
घोड्यांची नावं सांगतात, मेलेल्यांचीसुद्धा.
मुलगा समोर आला की म्हणतात, "बस, पाहुण्या."

मुख्य डॉक्टर जोलदोशेव भला माणूस.
चहा ओतत म्हणाले,
"हाताखालच्यांच्या चुका होतातच.
सहाव्यात तिचं नाव लिहा, तुमच्या अंगावर काही येणार नाही."
सायकालनेही तेच कळवलंय :
मी पुन्हा विचारायला हवं होतं, एजे.

पुन्हा.
जणू एकदा विचारलेलं
माझ्या ताटात सांडून गेलं.

मी पेन उघडलं.
जुमागुल इसाकोव्ना तोक्तोबायेवा.
नाव मावलं नाही.
रेघ ओलांडून सातव्यात गेलं,
तिथून समासात.
जोलदोशेव म्हणाले, कागद खराब झाला, दुसरा देतो.
नको म्हटलं.

परवापासून घाट बंद.
ड्रायव्हरला सांगितलंय, आजच ने मला.
"सामान काय आहे?" त्याने विचारलं.
शंभरच्या रेघांच्या सिरिंज, दोन खोकी.
आणि मी.
पोचल्यावर तिच्या शेजारी बसेन,
ती औषध भरेल,
मी रेघा मोजेन, न बोलता,
तिची हरकत नसेल तर.