सोमवारचा वास

सकाळी गुमान चालते.
सावर्ड्याच्या पुलावर ऊन चढलं की मरते.
बॉनेट उघडं टाकून मी पाऊण तास उभा,
खनिजाचे ट्रक माझा पांढरा शर्ट
तांबडा करत जातात.
मग पुन्हा चालू होते, काही झालंच नाही अशी.

अठ्ठ्याण्णवची एस्टीम.
चौघांनी चार दुखणी सांगितली.
पंप बदलला, कॉइल बदलली, प्लग तर दोनदा,
सेन्सर आधी मडगावहून, मग बेळगावहून.
"कम्प्युटर गेलो, भंगारांत घाल," शेवटचा म्हणाला,
हात पुसत.

कुडचड्याच्या रुझार मेस्तानं
दोन पिनांमध्ये वायरचा तुकडा खोचला,
पिवळा दिवा लुकलुकला.
एक. थांबला. तीन.
त्यानं पुन्हा बोटांवर मोजलं.
"सेन्सर वायट, म्हणटा."
अरे, नवा आहे तो!
"म्हाका खबर आसा. पूण सांगता कोण, तें पळय."

तक्रारी टिपून घेणाराच आजारी असला
तर वहीत स्वतःचं नाव कसं घालेल?
हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

जेवणाच्या डब्याएवढी ती पेटी, चार स्क्रू.
इंजिन चालू ठेवून
मेस्तानं मुलीचा हेअर ड्रायर तिच्यावर धरला,
मीटर माझ्या हातात दिलं, वाच म्हणाला.
पाच. पाच. चार पूर्णांक आठ.
चार पूर्णांक एक.
गाडी खोकली आणि मेली.
आम्ही दोघं शेडमध्ये खो खो हसलो.
ती मेल्याचा आनंद मला पहिल्यांदाच झाला.

"गरम जालो काय विसरता, म्हातारो."
त्यानं पाटी नाकाशी नेली, मग माझ्या.
बांगड्याचा वास.
शेडमधलं मांजर उठून आलं.
तीन नखाएवढे कपॅसिटर पायाशी पाझरलेले,
त्यांच्या पाण्यानं तांब्याची रेघ खाल्लेली,
सव्वीस वर्षं, हूं की चूं न करता.

साठ रुपयांचं सामान. डाग देण्याचे वेगळे.
येताना पुलावर मी सवयीनं पाय सैल केला,
ऐकत राहिलो.
एक ट्रक हॉर्न मारत ओलांडून गेला.

घरी मुगागाठी शिजत होती.
बायकोनं माझी बोटं हुंगली.
"आयज सोमार न्हय? खंय जेवलो तूं?"
आणि मी दारातच
तिला कम्प्युटर समजावत उभा.