शहर परिचय, पान चार

कुपवाडच्या फौंड्रीनं कागद पाठवलेत.
सहा पोरं जाणार आहेत,
तिथल्या साच्यांना हात कमी पडतात म्हणून;
तर शहराची माहिती मराठीत करून द्या,
शुक्रवारपर्यंत, पानाला अडीचशे रुपये.

मारुती चौकाच्या मागं, पिठाच्या गिरणीवरच्या खोलीत
मी ते शहर उलगडून बसते.
खाली गिरणी सुरू झाली
की समुद्रकिनारा किंचित थरथरतो.

नाव: शिओझाकी. दोन चिन्हं,
एक मीठ, एक जमिनीचं पुढं आलेलं टोक.
आमचं तरी काय, सहा गल्ल्या म्हणून सांगली, असं सांगतात;
कुठल्या सहा,
ते दोन माणसं एकसारखं सांगत नाहीत.

क्षेत्रफळ. पर्जन्यमान. बंदराची खोली.
मुख्य उत्पादनं: सुकवलेली मासळी, जहाजांचे पंखे,
आणि एक आंबट फळ, ज्याला मी दोन दिवस शब्द शोधला,
मंडईत जाऊन वास घेऊन आले,
शेवटी ईडलिंबू लिहून मोकळी झाले.

संध्याकाळी पाचला खांबावरच्या कर्ण्यातून
गावभर एक धून वाजते, मुलांनी घरी परतावं म्हणून.
पुढच्याच ओळीत, तितक्याच शांतपणे:
मोठ्या लाटेचा इशारा याच कर्ण्यातून देतात.
आमच्यात रिक्षा फिरते.
आयर्विन पुलाचा आकडा ऐकून गल्ली ठरवते,
गाद्या माळ्यावर, की माणसं मिरजेला.

चढावर एक दगड आहे, पान चार म्हणतं,
पाणी कुठवर आलं होतं ते दाखवणारा.
माझ्या जिन्यात ऑइलपेंटची रेघ आहे,
गिरणीवाल्या शिकलगारांनी ओढलेली, तिरकी.
सरळ करा म्हटलं तर म्हणतात,
पाणी काय पट्टी लावून आलं होतं?

रविवारी वर्ग. फळ्यावर भरती-ओहोटीच्या वेळा.
तौसिफ मुजावर मागं बसून भडंग खातोय, कागदाचा आवाज न करता.
जतचा बिरुदेव हाके वही खाली ठेवून म्हणाला,
"म्हणजे बाई, पाणी दिवसातनं दोनदा येतंय?
आमच्यात टँकर चौथ्या दिवशी."
सगळे हसले. तो हसला नाही,
वेळा उतरवत राहिला, मिनिटांसकट.

शेवटची ओळ अडून बसली.
लोकसंख्या: एक लाख चार हजार, आणि पुढं एक क्रियापद.
घटत आहे, लिहिलं. खोडलं.
कमी होत चालली आहे. ते पासबुकासारखं वाटलं.
बंद पडलेल्या तीन शाळा,
शटर ओढलेली बाजारपेठ,
फोटोत जाळं शिवणारा एक म्हातारा,
जाळ्याचं दुसरं टोक खुर्चीला बांधून.
मग सुचलं: ओसरत आहे.

हा शब्द आम्ही इथं पेढ्यासारखा वाटतो.
ओसरलं का? ओसरलं, फूटभर.
आणि खराटे घेऊन, नाकाला पदर लावून,
हरिपूरपर्यंत माणसं चिखलात उतरतात
जवळजवळ आनंदानं.
तिथं माणसंच ओसरतात.
रेघ कुठं ओढायची?

फौंड्रीच्या गुळवणी साहेबांनी
चार पानांत तेवढाच शब्द बदलला.
"स्थिर आहे, असं करा.
पोरांच्या घरचे वाचणार."
मी केलं. हजार रुपये, पाकिटात, वर एक रुपया.

बिरुदेवच्या वहीत मात्र
भरतीच्या वेळांखाली माझा पहिला शब्द तसाच आहे,
दोन्ही लिप्यांत, विचारून लिहून घेतलेला.
खाली आईचा नंबर,
आणि त्याच्या खाली, दोनदा गिरवलेला,
टँकरवाल्याचा.
तिथनंही फोन त्यालाच करावा लागणार आहे,
चौथ्या दिवशी.